उतार आणि उतर

मार्च लागला की माझा सकाळचा चहा फाटकापाशी होतो. पांढुर्ण्यातल्या आमच्या गल्लीतून त्या वेळी परीक्षेला निघालेल्या पोरी जातात. चौघी-चौघी आडव्या, एकीचा हात दुसरीच्या हँडलवर, पॅड कॅरिअरला, आणि तोंडात कालचं आणि आजचं सगळं एकदम. मागचा ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवून थकतो. माझ्याच्यानं राहवत नाही. कप फाटकाच्या खांबावर ठेवून मी ओरडते, "एकामागं एक चाला वं पोरींनो. मधात एक चाक सोडा." त्या हसतात, "हाव काकू" म्हणतात आणि माझी मर्जी राखायला वळणापर्यंत एकामागे एक जातात. वळण संपलं की पुन्हा आडव्या. मला ते गच्चीवरून दिसतं, हे त्यांना माहीत नाही.

आमच्या शेजारी बँकेतले एक साहेब राहतात. दर रविवारी ते हेल्मेट आणि घट्ट रंगीत कपडे घालून दहा-बारा जणांची टोळी घेऊन सायकली पळवायला जातात. परवा त्यांनी मला समजावून सांगितलं, की पुढच्याच्या मागे नीट राहिलं तर वारा त्याला लागतो, आपल्याला नाही. आणि पाळीपाळीनं पुढे गेलं तर सगळेच कमी दमतात. "हे एक शास्त्र आहे, काकू." मी म्हटलं, "आम्ही त्याला आडोसा म्हणायचो." त्यांना वाटलं, मी पडवीबद्दल बोलतेय. पण त्या दिवशी मेथी निवडताना माझी टाच आपोआप गोल फिरत होती, आणि नवऱ्यानं दोनदा विचारलं की पायाला मुंग्या आल्या का.

मुंग्या कसल्या. सौंसरचा रस्ता आला होता पायात.

ऐंशीच्या दशकातलं एक वर्ष. नेमकं सांगितलं तर माझं वय उघडं पडेल, तेव्हा राहू द्या. आमचं बोर्डाचं वर्ष होतं. परीक्षेचं सेंटर सौंसरला आणि पेपर सकाळी सातला. आमचं गाव जामसांवलीच्याही पलीकडे, पांढुर्ण्याच्या अंगाला; तिथून सौंसर तीन कोस. पहिली बस आमच्या फाट्यावर यायची आठला, म्हणजे अर्धा पेपर झाल्यावर. वर्गातली पोरं सौंसरला कुणा ना कुणाच्या ओट्यावर पथारी टाकून राहिली. पोरींना कोण कुठे ठेवणार? आम्ही आठ जणी होतो. आठ सायकली जमवता जमवता पंधरा दिवस गेले. मंदाकडे तिच्या मास्तर वडिलांनी आणलेली लेडीज सायकल होती, गावातली एकुलती एक, म्हणून तिचा तोरा निराळा. मी भावाची पटकावली. सुनंदाला मिळाली ती तिच्या काकाची.

त्या सायकलीबद्दल सांगायला हवं. सुनंदाचा काका दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर एका ट्रकला बाजू देताना पडला होता आणि पायानं कायमचा अधू झाला होता. तेव्हापासून सायकल घरातल्या भिंतीला टेकून उभी होती. तिला कुणी हात लावत नसे. सुनंदाचे वडील, सुदामकाका, शेतांवर मजुरीला जायचे. आमच्या संत्र्याच्या बगिच्यातही यायचे. त्यांच्या बौद्ध मोहल्ल्यातून बोर्डापर्यंत पोचलेली सुनंदा पहिलीच मुलगी. त्यांनी ती सायकल बाहेर काढली, चेनला तेल घातलं, आणि आमच्या ओट्यासमोर सगळ्या बापांच्या देखत अट घातली. "आठ जाऊन राहिल्या तं आठ धडधाकट वापस आल्या पाह्यजे. एखादी बी पडली तं मायी पोरगी घरी. मंग पेपर गेले तं गेले."

बाकीच्या बापांनी माना हलवल्या, कारण तशा वेळी माना हलवायच्या असतात. पण सुदामकाका बोलले ते खरं करणारे होते. आमच्यातली दुसरी कुणी राहिली असती तर पुढच्या वर्षी बसली असती. सुनंदाला पुढचं वर्ष नव्हतं.

सेनापती अर्थातच मी. कुणी नेमलं नव्हतं, पण मला विचारायला थांबायची सवय तेव्हाही नव्हती. रस्ता एका गाडीपुरता डांबरी, दोन्ही कडांना मुरूम. मी नियम केले आणि शाळेच्या मैदानात सगळ्यांकडून घोटून घेतले. एकामागे एक चालायचं, मधात एक चाक सोडायचं. आपलं पुढचं चाक पुढचीच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू द्यायचं नाही, ती जरा हलली की आपण आडव्या. एकदम ब्रेक मारायचा नाही. मागे वळून पाहायचं नाही, मान वळली की हँडल वळतं. पुढची जे ओरडेल ते शब्दाला शब्द मागे द्यायचं, मधात आपलं डोकं लावायचं नाही. मंदा कायम शेवटी, कारण तिचा आवाज गावाच्या या टोकाचा त्या टोकाला जायचा. मागून काय येतंय ते तिनं सांगायचं. खड्डा, गिट्टी म्हणजे खडी, बंडी म्हणजे बैलगाडी, हे शब्द ठरले. उतार म्हटलं की पायडल थांबवून अंतर वाढवायचं. आणि मागचा ट्रक बाजू देणारा नसेल तर मंदानं म्हणायचं "उतर", म्हणजे सगळ्यांनी मुरमावर येऊन सायकलीवरून खाली. एवढ्या हुशार आम्ही, आणि उतार आणि उतर हे दोन शब्द एकाच ओळीच्या तोंडी दिले हे आठातल्या एकीच्याही लक्षात आलं नाही.

पहाटेचं निघणं अजून अंगावर येतं. साडेपाचला फाट्यावर हवा गार, इतकी गार की हँडलचं लोखंड बोटांना लागायचं. शेताशेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून रचलेल्या. कुठे रात्रभर भरून ठेवलेला संत्र्याचा ट्रक, फळांखाली घातलेलं तणस बाहेर आलेलं, आणि शंभर पावलं आधीपासून संत्र्याचा वास. मोहाच्या झाडांखाली टोपल्या घेऊन वाकलेल्या बाया. आणि आमच्या आठ चेनींचा आवाज. पहिल्या दिवशी तो आठ तऱ्हांचा होता, कुणाचं मडगार्ड वाजतंय, कुणाचं पायडल टकटक करतंय. चौथ्या-पाचव्या पेपरापर्यंत पाय एका लयीत पडायला लागले आणि तो एकच आवाज झाला. मी कधी सैन्यात गेले नाही, पण त्या आवाजानं माझी मान इतकी ताठ व्हायची की मंदा मागून म्हणायची, "शोभे, हवालदार झाली काय वं?"

अभ्यासही ओळीतच चालायचा. पुढचीनं एक वाक्य सोडायचं आणि ते शेवटपर्यंत जायचं. मी "कर्णाचा वर्ग" म्हणून सोडलेलं मंदापाशी "वर्गाचा कर्ण" म्हणून पोचलं आणि तिनं विचारलं, "आपल्या वर्गात कर्ण कोन हाय?" आम्ही हसून हसून सायकली थांबवल्या. शब्द ओळीतून जाताना काय काय होतं, ते तेव्हाच कळायला हवं होतं. पण आम्ही हसण्यात गुंग.

आडोसा सापडला तो परतताना. दहाला पेपर सुटायचा आणि सौंसर सोडलं की पश्चिमेचा वारा थेट तोंडावर. पहिल्याच दिवशी सेनापती म्हणून मी दोन किलोमीटर पुढे राहिले. जीभ टाळूला चिकटली, मांड्या पेटल्या. शेवटी चिडून बाजूला झाले आणि चौथ्या जागी घुसले. आणि एकाएकी पायडल हलकं. मला वाटलं रस्ता खाली चाललाय. बघते तर सपाट. वाटलं चेन उतरली. तीही जागेवर. पुढे तिघी जणी वाऱ्याशी झुंजत होत्या आणि त्यांच्या मागे हवेत एक जागा रिकामी होती, आणि त्या जागेत मी होते. तो आनंद मी आजही कुणाला नीट सांगू शकत नाही. कुणी काही देत नाही, कुणाचं काही जात नाही, आणि आपलं ओझं निम्मं होतं. मी जोरात ओरडले, "येथं वाराच नाई." मग दर किलोमीटरच्या दगडाला "बदली" म्हणायचं ठरलं. पुढचीनं बाजूला होऊन मंदाच्या पुढची जागा घ्यायची, दुसरीनं पुढे व्हायचं. त्या दिवसापासून आम्ही घरी पोचायचो तेव्हा दमलेल्या नसायचो, भुकेल्या असायचो.

मंदा सोडून सहा जणींची बदली व्हायची. सुनंदाची नाही. ती कायम पाचव्या जागी. तिची सायकल मोठी, पुरुषी, मधल्या दांड्याची. सीटवर बसलं तर तिचे पाय पुरत नसत, म्हणून ती बहुतेक वेळ उभ्यानंच चालवायची. थांबायचं झालं की उडी मारूनच उतरावं लागे, आणि तिला सगळ्यात धास्ती त्या उतरण्याचीच होती. पुढे ती चालायची नाही, असं मी ठरवलं आणि कारण सायकलीचं सांगितलं. ती आपल्या पाचव्या जागी जाऊन उभी राहिली. आज एवढ्या वर्षांनी मी स्वतःलाच विचारते, की तेवढंच कारण होतं का. तिचे वडील आमच्या बगिच्यात कामाला यायचे, आणि त्यांची मुलगी माझ्यापुढे सायकल चालवते आहे, हे चित्र माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण ते तसंच होतं.

गणिताचा पेपर शनिवारी आला. शनिवार म्हणजे जामसांवलीच्या हनुमानाचा वार. पहाटेपासून रस्ताभर पायी चाललेली माणसं, हातात नारळ, आणि कर्ण्यावर भजन. मी पुढे होते. दगड आला आणि बदलीची वेळ झाली. माझ्या मागचीनं म्हटलंही, "शोभे, बदली." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कारण पुढे नाला होता. नाल्याकडे रस्ता सरळ खाली जायचा, तळाशी पाण्यावरचा दगडी रपटा, आणि समोर चढ. त्या उतारावर पुढे असण्यात जी मजा होती ती मला कुणाला द्यायची नव्हती. वारा कानात भरला, केस मागे गेले, पोटात गुदगुल्या झाल्या, आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "उताऽऽर."

दुसरीनं "उतार" म्हटलं. तिसरीनं म्हटलं. चौथीचं तोंड भजनाच्या कर्ण्याकडे होतं की वाऱ्यानं तिचा आवाज तोडला, कोण जाणे. सुनंदाच्या कानावर पडलं ते "उतर." आणि तिनं नियमाप्रमाणे आपलं डोकं लावलं नाही. भर उतारावर, त्या उंच सायकलीवरून, तिनं उडी मारली.

मी रपटा ओलांडून समोरचा अर्धा चढ चढले तेव्हा कळलं, की मागे कुणी बोलत नाही. नियम मोडून मान वळवली. रपट्याच्या त्या बाजूला सायकलींचा ढीग दिसला.

तिच्या मागच्या दोघी मुरमात घुसल्या होत्या, त्यांना काही झालं नव्हतं. मंदाचा फक्त चष्मा वाकला. सुनंदा रस्त्यावर बसलेली, कोपर सोललेलं, हनुवटीवर रक्त. सायकलीचं पुढचं चाक वाकून चिमट्यात अडकलेलं. देवाला चाललेल्या एका बाईनं तांब्यातलं पाणी तिच्या कोपरावर ओतलं आणि स्वतःच्या रुमालानं बांधलं. "बाप्पा, कोठं चालल्या एवढ्या जोरानं?" ती म्हणाली. सुनंदानं रडण्याआधी विचारलं, "वाजले किती?"

साडेसहा वाजले होते; देवाला चाललेल्या गर्दीनं आधीच उशीर झालेला. अर्ध्यावर रस्ता बाकी. वाकलेली सायकल आम्ही ओढत जवळच्याच जामसांवलीच्या फाट्यावर नेली आणि एका नारळवाल्याकडे टाकली. सुनंदाला मी माझ्या कॅरिअरवर घेतलं. मग मंदा पहिल्यांदा शेवटची जागा सोडून पुढे आली आणि म्हणाली, "तू मधात चाल. आज आडोसा तुले." पाच जणी पुढे, दोघींची सायकल मधात, एक मागे. दर दगडाला बदली, एक शब्द वाया नाही. डबलसीट असून मी इतकी जोरात कधी चालवली नव्हती. सुनंदा माझ्या पाठीशी पुटपुटत होती, सूत्रं की आणखी काही, मला ऐकू आलं नाही. घंटा वाजत होती तेव्हा आम्ही फाटकातून आत शिरलो, आठच्या आठ, आणि तिचं सोललेलं कोपर उजवं नव्हतं, एवढंच नशीब.

पेपर मला कसा गेला ते मला आठवत नाही. आठवतात ते दहा वाजताचे सुदामकाका. फाटकासमोरच्या लिंबाखाली उभे, एका हातात कुणाची तरी मागून आणलेली सायकल, दुसऱ्या हातात सुनंदाच्या काकाची, चाक सरळ करून आणलेली. देवाला आलेल्या कुणीतरी गावात बातमी नेली होती. वाटेत नारळवाल्याकडे आपल्या अधू भावाची सायकल पुन्हा वाकलेली पाहिली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा मी विचार करू शकत नाही.

ते ओरडले नाहीत. सुनंदाचा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "हाड शाबूत हाय?"

"हाव बाबा. पेपर बी चांगला गेला."

"चांगलं झालं. चाल आता. हा अखेरचा."

सुनंदानं मान खाली घातली. मी पुढे झाले. "काका, चूक मायी हाय. मायी बारी नव्हती, मी सोडली नाई. अन् उतार म्हणून ओरडलो बी मीच."

त्यांनी भावाची सायकल सुनंदाच्या हाती दिली. "बाई, चूक तुमची राहो का तिची. ट्रक मांगून आला असता तं गेली असती मायी पोरगी."

निघालो. सुदामकाका सगळ्यांच्या पुढे. ते आमच्यावर रागावले होते, पण वाऱ्यात आम्हाला मागे ठेवण्याइतके बाप होते. वारा त्या दिवशी इतका होता की पळसाची फुलं रस्त्यावरून आमच्याकडे घरंगळत येत होती. पहिला दगड गेला. मंदानं मागून "बदली" म्हटलं. काकांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. दुसरा दगड गेला. त्यांचा सदरा पाठीला चिकटला. पहाटेपासून पोटात काही नसणार. तिसऱ्या दगडाला सायकल डुलायला लागली आणि आमची सगळी ओळ चालण्याच्या गतीवर आली. मी दुसरी होते, बारी माझी. मी पायडलवर जोर दिला, आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "बदली." तो सुनंदाचा होता. ती पाचव्या जागेवरून निघाली, तिघींना ओलांडून माझ्या बाजूनं गेली, माझ्याकडे न पाहता. मी पायडल थांबवलं.

"बाबा, मांगं या. माया मांगं वारा लागत नाई."

"तुया कोपराले लागलं हाय."

"कोपरानं नाई चालवत, बाबा. पायानं चालवतो."

काका हसले की काय, मला पाठीवरून कळलं नाही. पण ते बाजूला झाले आणि तिच्या मागे आले. मंदानं तिकडून हुकूम सोडला, "काका, एक चाक सोडा मधात." त्यांनी सोडलं. काही वेळ ते जुन्याच जोरानं पायडल मारत राहिले, मग पाय थबकले, त्यांनी खाली चेनकडे पाहिलं. मला माहीत होतं ते काय पाहत होते. मीही पहिल्या दिवशी तेच पाहिलं होतं. चेन जागेवरच होती.

सुनंदा उभ्यानं चालवत होती, डावीकडे-उजवीकडे झुकत, ओढणी कमरेला बांधलेली. माझ्याहून चांगली पुढची होती ती. मी वेगाच्या हौसेनं ओळ तोडायची. ती मागच्या सगळ्यांचे पाय ऐकत चालवत होती. "गिट्टी," ती म्हणायची, आणि काका, न सांगता, "गिट्टी" म्हणून माझ्याकडे द्यायचे. "बंडी." "बंडी." एका बापाच्या जाड आवाजातून ते शब्द माझ्याकडे येत होते आणि मला इतका आनंद होत होता की लाज वाटावी. मग नाला आला. आम्ही सगळ्यांनी श्वास धरला. ती काय म्हणणार? ती म्हणाली, "लवण." आमच्या शेतातला शब्द, जिथे जमीन खाली जाते आणि पाणी साचतं ते लवण. काका म्हणाले, "लवण." मी म्हटलं, "लवण." तो शब्द नवाही जणांतून गेला आणि मंदापाशी लवण म्हणूनच पोचला, कारण तिनं तो वाऱ्यावर परत मोठ्यानं म्हणून दाखवला. रपट्यावरून पाणी उडालं. कुणी उडी मारली नाही.

फाट्यावर सगळ्या उतरलो. काकांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, हापशावर पाणी प्यायले, पोरीकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं. मी वाट पाहत होते. सुनंदाही वाट पाहत होती, हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"आता पेपर कवा हाय?" त्यांनी मला विचारलं.

"सोमवारी, काका. साडेपाचले निघतो."

ते दोन पावलं गेले आणि थांबले.

"पुढं हिले ठेवजा."